एकदाच येणारा चेक आणि दर महिन्याचा खर्च : इंग्लंडच्या छोट्या काउंटी क्लबांकडून दुकानदाराने शिकायचे ५ धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत मी क्रिकेटवर बोललो, तेव्हा काही जणांना वाटलं की सरांची गाडी आज रुळावरून घसरली. तसं नाहीये. खेळाचं सामान विकणं हा माझा रोजचा धंदा आहे आणि आजचा विषय पूर्णपणे धंद्याचाच आहे. व्हिडिओत आकडे भराभर गेले, म्हणून इथे सगळं नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी एक प्रश्न. १९८३ च्या वर्ल्ड कपमध्ये झिंबाब्वेविरुद्ध भारताचे १७ धावांत ५ गडी बाद झाले होते आणि तिथून कपिल देवने नाबाद १७५ केले. ही इनिंग कुठल्या मैदानावर झाली? लॉर्ड्स म्हणाल तर चूक. केंट काउंटीत टनब्रिज वेल्स नावाचं एक टुमदार गाव आहे, तिथल्या नेव्हिल ग्राउंडवर. मोठं स्टेडियम नाही, भोवती झाडं-झुडपं असलेलं क्लबचं मैदान. आपल्या क्रिकेटचा इतिहास जिथे वळला, ती जागा एवढीशी आहे.

इंग्लंडमध्ये अशा छोट्या मैदानांचं आणि छोट्या काउंटी क्लबांचं पुढे काय होणार, हा प्रश्न गेली अनेक वर्षं चर्चेत आहे. मी तो वाचायला लागलो खेळाच्या आवडीने, पण वाचता वाचता मला त्यात माझं स्वतःचं दुकान दिसायला लागलं.

माझं दुकान सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचा सगळा माल गेला. नंतर विम्याचे पैसे आले. तोपर्यंतच्या आयुष्यात एवढी मोठी रक्कम एकदम माझ्या खात्यात कधी आली नव्हती. मी काय केलं? निम्म्या पैशांत जुनी देणी भागवली, उरलेल्या पैशांत त्याच जागी, त्याच उंचीवर, तसंच फर्निचर करून घेतलं आणि माल भरला. २०२१ ला पाणी परत आलं. बीबीए केलेला माणूस मी, दुसऱ्यांना धंदा शिकवतो, आणि हा साधा हिशेब मला चुकला. आज जे लिहितोय ते त्या चुकीबद्दल आहे. फक्त उदाहरण माझ्यापेक्षा मोठं घेतलंय.

हा धंदा नेमका काय आहे?

इंग्लंड आणि वेल्स मिळून १८ प्रथम श्रेणीच्या काउंटी आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं. त्यांची काउंटी चॅम्पियनशिप अधिकृतपणे १८९० पासून चालू आहे. शेवटची नवीन काउंटी आली ती डरहॅम, १९९२ मध्ये. हे सगळं चालवणारं मंडळ म्हणजे ईसीबी.

महत्त्वाची गोष्ट अशी की बहुतेक काउंटी कुणा शेठजींच्या मालकीच्या नाहीत. २०२५ पर्यंत १८ पैकी १५ क्लब सभासदांच्या मालकीचे होते, आपल्या सहकारी सोसायटीसारखे. हॅम्पशायर, नॉर्थम्प्टनशायर आणि डरहॅम हे तीन अपवाद.

आता दुकानदाराच्या नजरेने हिशेब मांडू. चॅम्पियनशिपमध्ये प्रत्येक संघाला १४ सामने, त्यातले ७ घरच्या मैदानावर. चार दिवसांचा सामना, म्हणजे २८ दिवस. टी-ट्वेंटी ब्लास्टच्या सहा-सात संध्याकाळी. वन-डे कपचे चार दिवस. एकूण झाले सुमारे चाळीस दिवस. वर्षाचे दिवस ३६५.

म्हणजे पुरुषांच्या मुख्य संघाचं दुकान वर्षातून चाळीस दिवस उघडं, पण खेळाडूंचा पगार, माळी, रोलर, इमारतीची डागडुजी हे वर्षभर. त्यात चार दिवसांचे सामने बरेचसे कामाच्या दिवशी येतात, आणि पाऊस आला तर गल्ला रिकामा. तिकिटांच्या पैशांत हे भागतच नाही. मोठ्या कसोटी मैदानांना आंतरराष्ट्रीय सामने मिळतात. ज्यांच्याकडे ते नाहीत, त्या लेस्टरशायर, डर्बीशायर, नॉर्थम्प्टनशायर, वूस्टरशायर यांसारख्या क्लबांच्या उत्पन्नातला फार मोठा हिस्सा ईसीबीकडून येतो. टीव्हीचे हक्क मंडळ विकतं आणि त्यातला वाटा खाली येतो.

इथेच पहिला धडा आहे.

धडा १ : तुमचं बिल खरं कोण भरतंय, ते ओळखा

क्लबला वाटतं आपलं गिऱ्हाईक म्हणजे मैदानात बसलेला प्रेक्षक. खरं गिऱ्हाईक आहे मंडळ. आणि एकच गिऱ्हाईक तुमचं बहुतेक बिल भरत असेल, तर नियमही तोच ठरवतो.

२००३ मध्ये ईसीबीने टी-ट्वेंटी स्पर्धा सुरू केली. ही कल्पना मंडळाच्या मार्केटिंग विभागातल्या स्टुअर्ट रॉबर्टसन यांनी मांडली होती. छोट्या काउंटींना हे वरदान ठरलं. कामावरून सुटलेली माणसं पोराबाळांना घेऊन संध्याकाळी मैदानात यायला लागली. लेस्टरशायरने तर २००४, २००६ आणि २०११ अशी तीन वेळा स्पर्धा जिंकली. मोठ्यांना छोटा हरवू शकतो, असं हे एक शेल्फ होतं.

मग २०२१ मध्ये मंडळाने ‘द हंड्रेड’ आणली. शंभर चेंडूंचा खेळ, फक्त आठ संघ, सात शहरांत. हे संघ काउंटींचे नव्हते, वेगळे होते. आणि ही स्पर्धा खेळवतात कधी? मुख्यतः ऑगस्टमध्ये. शाळेच्या सुट्ट्या, कोरडी हवा, लांब संध्याकाळ. म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस जसे असतात, तसा तिथला सीझन. उरलेल्या दहा काउंटींच्या मैदानावर त्या काळात वन-डे कप चालतो, आणि त्यात त्यांचे चांगले खेळाडू नसतात, कारण ते हंड्रेडमध्ये गेलेले असतात.

याच्या बदल्यात प्रत्येक काउंटीला वर्षाला १३ लाख पाउंड द्यायचं ठरलं. एक पाउंड म्हणजे आपले शंभराच्या वर रुपये, हिशेब तुम्हीच करा. छोट्या क्लबला एवढी रक्कम नाकारणं शक्यच नव्हतं. पण बघा काय झालं : सीझनचं दर्शनी शेल्फ गेलं आणि त्याचं भाडं मिळायला लागलं. भाडं देणाऱ्याने उद्या रक्कम बदलली तर? शेल्फ मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोरून गेलेलं असतं.

तुमच्या दुकानात एकाच शाळेची ऑर्डर, एकाच कंपनीची एजन्सी किंवा एकाच ॲपवरून येणारी विक्री निम्म्याच्या वर असेल, तर तुम्हीही एक छोटी काउंटी आहात.

धडा २ : मोठं गिऱ्हाईक मिळवायला स्वतःला गहाण ठेवू नका

ही डरहॅमची गोष्ट. १९९२ मध्ये आलेला नवा क्लब. चेस्टर-ली-स्ट्रीट या छोट्या गावी नवं मैदान बांधलं. २००३ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, २०१३ मध्ये ॲशेसचा सामनाही झाला. मैदानावर क्रिकेट तर सोन्यासारखं. २००८, २००९ आणि २०१३ अशी तीन वेळा चॅम्पियनशिप जिंकली. बेन स्टोक्स, मार्क वुड, पॉल कॉलिंगवूड याच क्लबमधून इंग्लंडच्या संघात गेले.

मग घोडं अडलं कुठे? आंतरराष्ट्रीय सामने मिळवण्यासाठी मैदानांमध्ये चढाओढ असायची. सामना मिळवायला खर्च, सोयी करायला खर्च. आणि ईशान्य इंग्लंडमध्ये मे महिन्याच्या थंडीत कमी नावाजलेल्या पाहुण्या संघाविरुद्ध कसोटी लागली, की खुर्च्या रिकाम्या.

२०१६ मध्ये ईसीबीला ३८ लाख पाउंडांची मदत देऊन क्लब वाचवावा लागला. त्याची किंमत अशी : त्या मोसमात पहिल्या विभागात चौथे आलेले असूनही त्यांना दुसऱ्या विभागात ढकललं, पुढच्या मोसमासाठी ४८ गुण कापले आणि कसोटी भरवण्याचा हक्क काढून घेतला. पोरं मैदानावर जिंकत होती आणि क्लब वहीखात्यात हरला. परत पहिल्या विभागात यायला त्यांना २०२३ चा मोसम उजाडला.

उलाढाल वाढली म्हणजे नफा वाढला असं नाही, हे मी प्रत्येक बॅचमध्ये सांगतो. डरहॅमचं उदाहरण सांगितलं की मग पटतं.

धडा ३ : तुम्ही घडवलेली माणसं शेजारी नेणार, हे धरून चाला

लेस्टरशायरने स्टुअर्ट ब्रॉड घडवला, तो नॉटिंगहॅमशायरला गेला. जेम्स टेलर घडवला, तोही तिकडेच गेला. नॉर्थम्प्टनशायरने बेन डकेट घडवला, त्यानेही शेवटी तोच रस्ता धरला. नॉटिंगहॅमशायरकडे ट्रेंट ब्रिजचं कसोटी मैदान आहे. खेळाडूलाही दोष देता येत नाही, त्याला मोठं व्यासपीठ हवं असतं. आणि फुटबॉलसारखी मोठी ट्रान्सफर फी इथे रूढ नाही. म्हणजे दहा वर्षं कोचिंगचा खर्च एकाने करायचा आणि पीक दुसऱ्याने काढायचं.

आपल्याकडेही हेच होतं. पोरगा दुकानात तयार होतो, गिऱ्हाईक सांभाळायला शिकतो आणि समोरच्या मोठ्या शोरूमला जातो. मग आपण म्हणतो, आता कुणाला शिकवायचंच नाही. हे चूक आहे. छोट्या काउंटी बंद झाल्या तर ब्रॉड आणि डकेट सुरुवात कुठे करतील? म्हणूनच मंडळाने वरून दिलेला पैसा ही निव्वळ खैरात नाही, तो कच्चा माल तयार करण्याचा मोबदलाही आहे. फक्त क्लबांनी ही गोष्ट ठासून, आकड्यांत मांडली पाहिजे. तुम्हीसुद्धा मोठ्या पार्टीला माल किंवा सेवा देता, तेव्हा ‘आम्ही नसलो तर तुमचं काय अडेल’ याचं उत्तर तयार ठेवा.

धडा ४ : जागा हीच शेवटची ठेव असते, ती एकदाच मोडता येते

माझ्या दृष्टीने आजचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

बहुतेक छोट्या क्लबांकडे नफा नाही, पण शहराच्या आत मोकळी जमीन आहे. बिल्डरला काय दिसतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ससेक्स काउंटी, जिच्याकडून आपले रणजितसिंहजी खेळले, तिचं समुद्रकाठच्या हेस्टिंग्ज गावात भर मध्यवस्तीत मैदान होतं. १९८९ नंतर तिथे काउंटी क्रिकेट झालं नाही. आज तिथे शॉपिंग सेंटर आहे आणि आठवण म्हणून एका फलंदाजाचा पुतळा. शेफील्डच्या ब्रॅमॉल लेनवर १९०२ मध्ये कसोटी झाली होती, १९७३ नंतर तिथे क्रिकेट बंद झालं, आता ते पूर्णपणे फुटबॉलचं स्टेडियम आहे. केंट एकेकाळी डोव्हर, फोकस्टन, मेडस्टन अशा गावोगावी जाऊन खेळायचा, तिथले सामने एकेक करून बंद झाले. कारण सरळ आहे. बाहेरच्या मैदानावर तात्पुरत्या खुर्च्या, तंबू, शौचालयं, सगळं भाड्याने आणावं लागतं. आठवडी बाजारात स्टॉल लावण्यासारखंच ते. विक्री होते, पण सामान नेण्या-आणण्यातच नफा जातो.

विकणं नेहमीच चूक असतं का? नाही. हॅम्पशायरने साउदॅम्प्टनमधलं जुनं मैदान सोडलं, तिथे घरं झाली आणि क्लब २००१ मध्ये शहराबाहेरच्या रोझ बोलवर गेला. नवं बांधकाम महाग पडलं, क्लब बुडायच्या बेतात आला, तेव्हा रॉड ब्रान्सग्रोव्ह या उद्योजकाने सावरलं. पुढे तिथे कसोट्याही झाल्या. म्हणजे जागा बदलून क्लब मोठा झाला, पण मधल्या खड्ड्यात पडता पडता वाचला, आणि वाचला तो सभासदांची मालकी जाऊन.

आता ग्लुस्टरशायरचं बघा. ब्रिस्टलमधलं त्यांचं मैदान चारी बाजूंनी घरांनी वेढलेलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पैशांच्या अडचणीत ते फ्राय या चॉकलेट कंपनीला विकलं होतं, आणि पुढे परत विकत घेतलं. २०२४ मध्ये हा क्लब पहिल्यांदा टी-ट्वेंटी ब्लास्ट जिंकला. आणि त्याच सुमारास मैदान विकून नवीन जागी जाण्याचा विचारही त्यांनी जाहीरपणे मांडला होता. कपाटात कप आणि दारात कर्ज, दोन्ही एकाच वेळी.

आणि वूस्टरशायर. न्यू रोडचं मैदान, समोर कॅथेड्रल, बाजूला सेव्हर्न नदी. ब्रॅडमनने १९३०, १९३४ आणि १९३८ च्या दौऱ्यांत इथे लागोपाठ तीन द्विशतकं केली. जगातल्या सुंदर मैदानांत नाव आहे. पण नदी वारंवार पोटात घेते. २००७ मध्ये ऐन मोसमात पूर आला. २०२४ मध्ये मोसमाच्या सुरुवातीचा सामना किडरमिन्स्टरला हलवावा लागला. क्लबने नवी इमारत खांबांवर उंच बांधली, मैदानाच्या कडेला हॉटेल उभं राहिलं. तरी इथे किती वर्षं राहायचं, हा प्रश्न क्लबच्या लोकांनीच उघडपणे विचारलाय.

हे वाचताना मी खूप वेळ थांबलो होतो. माझे वडील म्हणायचे, ‘गिऱ्हाईक या पायरीला ओळखतं.’ ते खरं आहे. आणि पाणीसुद्धा त्याच पायरीला ओळखतं, हेही खरं आहे.

धडा ५ : एकदाच आलेला पैसा दरमहाच्या खड्ड्यात ओतू नका

२०२५ च्या सुरुवातीला ईसीबीने हंड्रेडच्या आठही संघांतले हिस्से विकले. जवळपास ५२ कोटी पाउंड उभे राहिले. इथे आपला संबंध येतो. मुंबई इंडियन्सच्या मालकांनी, म्हणजे रिलायन्सने, ओव्हल इन्व्हिन्सिबल्समध्ये ४९ टक्के हिस्सा घेतला आणि त्या संघाचं नवं नाव एमआय लंडन. लखनौवाल्या आरपीएसजीने मँचेस्टरमध्ये ७० टक्के घेतले. हैदराबादवाल्या सन ग्रुपने लीड्सचा संघ पूर्णच घेतला, कारण कर्जाने वाकलेल्या यॉर्कशायरने आपला सगळा हिस्सा विकून टाकला.

या पैशातला वाटा ज्या काउंटींकडे हंड्रेडचा संघ नाही त्यांनाही मिळायचा होता. प्रत्येकी दोन कोटी पाउंडांहून जास्त, असा अंदाज त्या वेळी बातम्यांत होता. जो क्लब दरवर्षी काही लाखांसाठी ओढाताण करतो, त्याला हे म्हणजे लॉटरीच.

पण साधं गणित करा. समजा एक क्लब दरवर्षी दहा लाख पाउंड तोट्यात आहे. दोन कोटी म्हणजे वीस वर्षांचा तोटा भरून निघेल. पण त्या पैशाने कमाईची एकही नवी वाट काढली नाही, तर वीस वर्षांनी क्लब तिथेच असेल जिथे आज आहे, फक्त विकायला काही उरलेलं नसेल. आणि व्यवहारात वीस वर्षं लागतच नाहीत, कारण खात्यात पैसा दिसला की पगार वाढतात, खर्च वाढतात.

मग करायचं काय? सॉमरसेटकडे बघा. टॉन्टन हे छोटं शहर, पुरुषांची कसोटी नाही, हंड्रेडचा संघ नाही, चॅम्पियनशिप आजवर एकदाही जिंकलेली नाही. तरी हा नीट चालवलेला क्लब म्हणून ओळखला जातो. ब्लास्टला मैदान भरतं, २०२३ आणि २०२५ मध्ये ती स्पर्धाही जिंकली. २०२५ पासून महिलांच्या वरच्या गटातल्या आठ व्यावसायिक संघांपैकी एक संघ सॉमरसेटने चालवायला घेतला. एसेक्स आणि डरहॅमनेही घेतला. नवं गिऱ्हाईक, तेच मैदान, आणि मघाच्या चाळीस दिवसांत भर.

किंवा लेस्टरशायर बघा. २०१३ आणि २०१४ हे अख्खे दोन मोसम चॅम्पियनशिपमध्ये एकही विजय नाही. लोक म्हणायचे, बंद करा हा क्लब. २०२३ मध्ये त्यांनी वन-डे कप जिंकला, २०२५ मध्ये दुसऱ्या विभागात पहिले येऊन वर गेले. हा क्लब दहा वर्षांपूर्वीच बंद केला असता तर?

म्हणून माझं मत विचाराल तर मी स्पष्ट सांगतो. छोट्या काउंटी टिकल्या पाहिजेत, पण फक्त जुन्या आहेत म्हणून त्या टिकणार नाहीत. चेक आल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत जो क्लब कर्ज फेडेल, काही रक्कम हात न लावता ठेवेल आणि उरलेल्यातून उरलेल्या ३२५ दिवसांची कमाई उभी करेल, तो राहील. बाकीच्यांना कधी ना कधी जमीन विकावी लागेल.

माझं काय झालं?

२०२१ नंतर मी जागा सोडली नाही. पण माल वर नेला. खाली फक्त काउंटर आणि नमुने, गोडाऊन दुसऱ्या मजल्यावर. बॅटला हँडल-ग्रिप बसवणं, रॅकेटला गटिंग करून देणं हे काम वाढवलं, कारण त्यात माल कमी अडकतो आणि पैसे दर आठवड्याला येतात. जागा सोडायची का, हा प्रश्न मिटलेला नाही. दर जुलैमध्ये नदीची पातळी बघताना तो परत येतो. फरक इतकाच की आता तो निर्णय घाईत घ्यावा लागणार नाही.

गृहपाठ

वहीत तीन रकाने करा.

१. माझ्या विक्रीतला सगळ्यात मोठा वाटा कुणाकडून येतो आणि तो किती टक्के? निम्म्याच्या वर असेल तर लाल पेनाने गोल करा.

२. माझी जागा आणि माझी माणसं वर्षातले किती दिवस, दिवसातले किती तास खरोखर कमाई करतात? मोकळ्या वेळात त्याच जागेत आणखी काय विकता येईल?

३. उद्या मोठी रक्कम एकदाच हातात आली, विमा, जमीन, वडिलांची एफडी, काहीही, तर तिचे तीन भाग कसे करेन? किती देणी, किती राखीव, किती नव्या कमाईसाठी? पैसे यायच्या आधी लिहून ठेवा. पैसे आल्यावर डोकं जागेवर राहत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

रकाने भरून झाले की कमेंटमध्ये फक्त पहिल्या रकान्यातला टक्का लिहा, नाव-गाव नको. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू : एका गिऱ्हाइकावरचं अवलंबन सहा महिन्यांत कसं कमी करायचं.

भेटूया रविवारी. तोपर्यंत वही उघडी ठेवा.